गोधडीचं पोट

यंदा थंडीने फार वाट पाहायला लावली. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, तरी आमच्या घरातला पंखा फिरतोच आहे. मग एका पहाटे पायावर पाय घासत जाग आली, नाकाचा शेंडा गार लागला आणि मी अंथरुणातच म्हटलं, आली बाप्पा एकदाची. बाहेरगावच्या माणसांना नागपूरचा उन्हाळा तेवढा माहीत असतो. थंडीचं सांगितलं तर हसतात. हसू द्या. एकदा पहाटे साडेपाचला महाल भागातल्या आमच्या गल्लीत येऊन नळाखाली हात धरून दाखवा म्हणावं, मग बोलू.

थंडी आली की कशाकशाची आठवण होते, आणि त्यातलं निम्मं खाण्याचंच असतं. संत्र्यांच्या हातगाड्या आणि दिवसभर नखात अडकून राहणारा सालीचा वास. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, दारातल्या उन्हात पाय पसरून सोलायच्या. विस्तवावर भाजलेलं भरताचं वांगं, त्यात कांद्याची हिरवी पात, भिवापुरी मिरची आणि वरून भरपूर सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, नाहीतर ते वांग्यावर इडलीचं सांबार ओततील. जीभ पोळते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि थंडी पळते ती पळतेच.

पण सगळ्यांत आधी मी ट्रंक उघडते. डांबराच्या गोळ्यांचा वास भप्पकन अंगावर येतो. वर शाली, खाली स्वेटर, त्याखाली गोधड्या. एकेक काढायची, गच्चीवर नेऊन उन्हात टाकायची, दुपारी उलटायची. संध्याकाळी त्या घडी घालताना हाताला जे ऊन लागतं, ते रात्री अंगावर घेऊन झोपायचं. या ट्रंकेच्या अगदी तळाशी एक छोटं गाठोडं असायचं. दर थंडीत मी ते बाहेर काढायची, न उघडता पुन्हा तळाशी ठेवायची. यंदा तळाशी काही नाही. ट्रंकेचा गंजलेला पत्रा दिसतो, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नाही.

हे गाठोडं कुठे गेलं ते सांगायचं तर गेल्या वर्षीच्या थंडीकडे जावं लागेल. माझी ही गच्ची, तिच्यावर पसरलेली एक भली मोठी गोधडी, भोवती बसलेल्या गल्लीतल्या आठ-दहा बाया, आणि खाली ट्रंकेत मी लपवून ठेवलेलं माझं खोटं. मी पोरांना तीस वर्षं शाळेत शिकवलं, खोटं बोलू नये म्हणून. साठीत येऊन स्वतः बोलले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोविंदभाऊंचं दोऱ्याचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं कधीच पुसली गेली, आणि तशीही ती कोणी वाचली नव्हती. ‘दोरेवाल्याकडे जा’ म्हटलं की झालं. गोविंदभाऊंच्या आजोबांनी घातलेलं दुकान. पुढे दोन सागवानी खांब, वर कवेलूचं छप्पर, आत भिंतभर लहान लहान लाकडी खण. प्रत्येक खणावर आतल्या मालाचा एक नमुना टाचलेला, बटण असेल तर बटण, हुक असेल तर हुक. पाटी-बिटी काही नाही, कारण आजोबांना वाचता येत नव्हतं आणि गिऱ्हाइकांनाही. दोऱ्याचे रंग किती आहेत ते गोविंदभाऊंनाही सांगता येत नाही. तुम्ही साडीचा कोपरा पुढे करायचा. ते चष्मा कपाळावर सरकवतात, चार-पाच रिळं घेऊन दारापाशी उजेडात येतात आणि त्यातलं एक कोपऱ्यावर ठेवतात. ते रीळ दिसेनासं झालं म्हणजे रंग जुळला. ट्यूबलाइटमध्ये कापड खोटं बोलते, असं ते म्हणतात.

त्या दुकानाच्या पायरीवर माझी आई बावीस वर्षं बसली. बाबांची मिल बंद पडली त्या साली ती तिथे बसायला लागली आणि डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा उठली. साड्यांना फॉल लावायची. उजव्या हाताच्या खांबाला पाठ टेकवून, मांडीवर साडी घेऊन, खाली मान. गोविंदभाऊंनी तिच्याकडून जागेचं कधी काही घेतलं नाही. उलट गिऱ्हाईक फॉल घेऊन निघालं की आतूनच म्हणायचे, ‘लावून पाहिजे का? बाई बसल्या आहेत पायरीवर. त्याईले द्या.’ आई साडी घ्यायची, फॉलचा रंग पाहायची आणि म्हणायची, ‘उद्या संध्याकाळी घेऊन जा.’ दुसरं काही बोलत नसे. मी शाळेतून आले की तिच्याजवळ बसून पाढे पाठ करायची, आणि तिचा टाका माझ्या पाढ्याच्या चालीवर पडायचा. माझी फी, माझी पुस्तकं, पुढे डी.एड., सगळं त्या पायरीवरून आलं.

तर हे दुकान. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास गोविंदभाऊंना छपराच्या मोठ्या तुळईतून भुसा पडताना दिसला. सुताराने येऊन पटाशी टोचली तर ती आत शिरतच गेली. वाळवी. पुढच्या पावसाळ्याच्या आत तुळई बदला, नाहीतर आत बसू नका, असं तो सरळ सांगून गेला. सागाची एवढी लांब तुळई म्हणजे काय खर्च, ते तुम्हाला सांगायला नको. गोविंदभाऊंनी दोन दिवस विचार केला आणि सांगून टाकलं की दुकान बंद करतो. पंचाहत्तरी उलटलेला एकटा माणूस, मूलबाळ नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. मी मात्र त्या रात्री जेवले नाही.

गल्लीने वर्गणीचं काढलं, मी ते सांगायला गेले, तर गोविंदभाऊ माझ्यावरच चिडले.

‘कुंदे, वर्गणी गणपतीची राहते. दुकानाची नाही राहत. मी काही मेलो नाही अजून.’

यावर तोड काढली सुगंधाबाईंनी. सुगंधाबाई म्हणजे माझ्या घरापलीकडच्या, सत्तरीच्या, उमरेडच्या विणकराघरची लेक. कापडावर हात फिरवून त्याचं वय सांगतात, आणि माणसाकडे पाहून त्याच्या मनातलं. त्या दुकानात गेल्या, फळीवर कोपर टेकवलं आणि म्हणाल्या, ‘भाऊ, वर्गणी नाही घेत ना तुम्ही? नका घेऊ. आम्ही गोधडी शिवतो, तिकिटं काढतो. ज्याचं तिकीट निघालं, त्याची गोधडी. दोरा तुमचा. आता याच्यात कोणी कोणाले भीक दिली, सांगा.’

गोविंदभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. मग त्यांनी विचारलं, ‘दोरा कोणता देऊ?’

झालं. घराघरातून एकेक जुनं सुती कापड आणायचं, असा निरोप मीच फिरवला. जुनं म्हणून चांगलं बजावून सांगितलं. पण आमची गल्ली ती. चांगल्या कामाला जुनं, विटकं कापड नेऊन द्यायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी माझ्या गच्चीवर कापडांचा ढीग पडला आणि त्यात एकही जुनं नव्हतं. सगळे ब्लाउजपीस. करकरीत, घडी न मोडलेले. आपल्याकडे ब्लाउजपीस शिवायचा नसतोच मुळी. तो एका ओटीतून निघतो, दुसरीत जातो, गल्लीभर फिरतो आणि कधीतरी पहिल्या घरी परत येतो. मीही एक पोपटी नेऊन ठेवला होता, उगाच कशाला नाकारू.

सुगंधाबाई ढिगाकडे पाहत राहिल्या. ‘हे काय आहे वं? हळदीकुंकू आहे का?’

दोऱ्याची मोठी रिळं द्यायला गोविंदभाऊ जिन्यापर्यंत आले होते. त्यांनी तिथूनच मान उंच करून पाहिलं. ‘थो पोपटी माह्याच दुकानातला आहे,’ ते म्हणाले. ‘आणि थो गुलाबीही. लय वर्षं झाले विकून. अजून कोणी शिवले नाही?’

बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पण सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक ब्लाउजपीस उचलला, त्यात जाड सुई खुपसायला गेल्या, ती वाकडी झाली. ती वाकडी सुई सगळ्यांना दाखवली. ‘नव्या कापडात खळ राहते. थे कोणाचं ऐकत नाही. गोधडीले जुनंच लागते. अंगाले लागून लागून मऊ झालेलं. ज्याले कोणी घाम पुसला, ज्यात कोणाचं लेकरू झोपलं. थे आणा. नसन द्यायचं तर देऊ नका, पण हे घरी न्या.’

सगळ्या आपापले ब्लाउजपीस घेऊन खाली उतरल्या. मला वाटलं, संपलं. नवं द्यायला काही लागत नाही, दुकानात मिळतं. जुनं देणं म्हणजे आपल्या कपाटातून एक माणूस काढून देणं. पण दोन-तीन दिवसांनी एकेक जण यायला लागली. पिशवी मागे लपवून, चोरी केल्यासारखी. कोणी वडिलांचं धोतर आणलं, इतकं विरलेलं की त्यातून पलीकडचं दिसावं. कोणी नवऱ्याचा खाकी सदरा. मागच्या गल्लीतल्या करुणाने सासूची पांढरी साडी आणली. सासू दरवर्षी ती नेसून दीक्षाभूमीवर जायची आणि आल्यावर स्वतः धुऊन ठेवायची. करुणा म्हणाली, ‘त्याईले विचारता येत नाही आता. पण त्याईनं नाही म्हटलं नसतं.’ सुगंधाबाईंनी साडी कपाळाला लावून बाजूला ठेवली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी माझी एक जुनी साडी दिली होती, बऱ्यापैकी मऊ.

‘तुह्या मायचं एखादं लुगडं असन ना, कुंदा?’

‘नाही हो,’ मी म्हटलं. ‘ती गेली तेव्हाच सगळी वाटून टाकली.’

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुईत दोरा ओवला. खाली ट्रंकेत, त्या गाठोड्यात, आईची एक साडी होती. तपकिरी, बारीक लाल काठाची, हातमागाची. आई त्या पायरीवर जास्त करून तीच नेसून बसायची. वीस वर्षं मी ती जपली होती आणि ती फाडून, शिवून, तिकिटावर कोण्या परक्या माणसाच्या घरी पाठवायची माझी तयारी नव्हती. दुकान वाचावं असं सगळ्यांत जास्त मलाच वाटत होतं, आणि सगळ्यांत कमी मीच दिलं होतं.

ते दिवस मात्र सुंदर होते, हे खोटं बोलणाऱ्या बाईनेही कबूल केलं पाहिजे. दुपारी दोनला गच्चीवर ऊन यायचं आणि आम्ही सरकत्या उन्हाबरोबर सरकत शिवायचो. गोधडी बाहेरून आत शिवत जातात. कडेने पहिली फेरी, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, असं मध्याकडे. एका वेळी आठ सुया चालायच्या. बोलणं चालायचं, चहा व्हायचा, कोणी तिळाच्या वड्या आणायची, कोणी संत्री. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं, कोणाच्या मुलाच्या नोकरीचं. ज्या दोघी नळाच्या पाण्यावरून चार वर्षं बोलत नव्हत्या त्या नेमक्या एकमेकींसमोर आल्या, आणि एकीचा दोरा संपला तेव्हा दुसरीने न बोलता आपलं रीळ पुढे सरकवलं. बोलल्या नाहीतच, पण रीळ परत दिलं तेव्हा त्यावर सुई नीट टोचून दिली.

मध्ये एक चौकोन मोकळा राहिला. खालचं पांढरं धोतर दिसायचं. मी विचारलं तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, ‘थे पोट आहे गोधडीचं. थे शेवटी.’

ते मला ठाऊक होतं. आई गोधडी शिवायची तेव्हा मधला तुकडा लावण्याआधी भाकरीचा एक बारीक घास आत ठेवायची. पोटात काही नसलं की गोधडी रात्रभर कुडकुडते, अंगावर घेणाऱ्या माणसाले काय ऊब देणार, असं तिचं म्हणणं. मी विज्ञान शिकवलं आहे, तरी हा घास मीही ठेवते. तो चौकोन रोज दुपारी माझ्याकडे पाहायचा. फेऱ्या आत आत येत होत्या.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी दुकानात जाड सुया आणायला गेले. सुतार पुन्हा आला होता. गोविंदभाऊ त्याला विचारत होते, समजा नाहीच जमलं, तर हे लाकूड कोणी घेईल का. तो म्हणाला, तुळई गेली, पण खांब चांगले आहेत, जुनं सागवान आहे, लगेच उचलतील. मी पायरीवर उभी होते. हात सहज उजव्या खांबावर गेला. कमरेच्या उंचीवर बारीक बारीक भोकं. शेकडो असतील. आई दोन टाक्यांच्या मध्ये गिऱ्हाइकाशी बोलायची तेव्हा सुई खांबात टोचून ठेवायची. खाली ठेवली की हरवते, नाहीतर कोणाच्या पायात जाते, म्हणायची. मी त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

‘तुह्या मायच्या सुया,’ गोविंदभाऊ आतून म्हणाले. ‘मागं खांबाले पॉलिश केलं ना, तेव्हा पॉलिशवाल्याले म्हटलं, इतकी जागा सोड.’

मी नीट पाहिलं. खरंच, तेवढा वीतभर पट्टा कोरडा, फिकट होता. इतकी वर्षं मी तिथून जात होते आणि मला दिसलं नव्हतं. आईची आठवण म्हणून मी एक साडी कुलपात ठेवली होती, आणि या माणसाने भर रस्त्यावर, काही न बोलता, खांब ठेवला होता. मला स्वतःची फार लाज वाटली. सुया न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी ती साडी सुगंधाबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. ‘हे तर आमच्याकडलं. उमरेडचं.’ मग वर पाहून, ‘वाटून टाकल्या होत्या ना सगळ्या?’

‘एक सापडली.’

‘सापडते कधी कधी,’ त्या म्हणाल्या, आणि साडी मलाच परत दिली. ‘तूच फाड.’

जुनं सुती कापड कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात, म्हणजे ते धाग्याच्या सरळ रेषेत जातं. मी फाडलं. आवाज झाला तेव्हा सगळ्यांच्या सुया थांबल्या. पण इथेही मी पुरती खरी वागले नाही, हे सांगून टाकते. फक्त अंगाचा भाग दिला. पदर मी आदल्या रात्रीच वेगळा करून पुन्हा गाठोड्यात बांधून ठेवला होता. तेवढा तरी माझा, असं म्हणून.

संक्रांतीच्या दुपारी आम्ही गोधडीचं पोट भरलं. सुगंधाबाईंनी बाजरीच्या भाकरीचा घास घेतला, आणि सण आहे म्हणून त्यात एक तिळगूळ दाबला. मी म्हटलं, आई नुसती भाकर ठेवायची. त्या म्हणाल्या, ‘सणाच्या दिवशी कोणी कोरडं जेवते का?’ घास धोतरावर ठेवला, वरून आईच्या साडीचा चौकोन लावला, आणि शेवटची फेरी मला घालायला दिली. गाठ मारताना माझे डोळे भरून आले. करुणाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

रथसप्तमीला दुकानासमोर सोडत झाली. बटणांच्या पितळी डब्यात चिठ्ठ्या, आणि गोविंदभाऊंनी डोळे मिटून हात घातला. आपल्यापैकीच कोणाला तरी लागावी असं प्रत्येकीच्या मनात होतं, उघड कोणी बोलत नव्हतं. चिठ्ठी निघाली खापरखेड्याची. वैशाली नावाची एक तरुण बाई. नवरा तिकडच्या वीज केंद्रात, ती वसाहतीत राहणारी. कधीतरी ब्लाउजचे हुक घ्यायला आली असताना गोविंदभाऊंनी तिला तिकीट दिलं होतं. दोन दिवसांनी ती आली, दोन्ही हातांनी गोधडी छातीशी धरली आणि गेली. बायांची तोंडं पडली. ‘पोरगी सासरी गेली समजा,’ सुगंधाबाई म्हणाल्या. मला वाईट वाटलं असं म्हणणं कमी होईल. मला राग आला. कोण कुठली वैशाली. तिला काय माहीत तो तपकिरी चौकोन कोणाचा आहे.

तिकिटांच्या पैशांतून पावसाळ्याच्या आधी तुळई बदलली. कवेलू फेरले. खांब जागेवर राहिले. मी रोज येता-जाता त्यांच्याकडे पाहायची आणि मनाला समजवायची, आता आणखी काय पाहिजे तुला. मन समजायचं. संध्याकाळी पुन्हा विसरायचं.

आणि आता हा हिवाळा. गेल्या आठवड्यात गच्चीवर गोधड्या उलटत होते तेव्हा खालून गोविंदभाऊंची हाक आली. एरवी ते दुकान सोडत नाहीत. ‘कुंदे, दुकानात ये. गोधडी आली आहे.’

पायरीवर वैशाली बसली होती, मांडीवर पिशवी. ती रडवेली झाली होती. ‘ताई, मी दिवाणात ठेवली होती. थंडी आली म्हणून काढली, तर हे पाहा. उंदरानं कुरतडली. पण मले एक समजून नाही राहिलं. एवढी मोठी गोधडी सोडून त्यानं मधोमधच काहून कुरतडली?’

तिने गोधडी पसरली. आईच्या चौकोनात तळहाताएवढं भोक. मी गोविंदभाऊंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे बोलायचं काम माझ्यावर आलं.

‘त्यात तिळगूळ होता,’ मी म्हटलं.

‘गोधडीत?’

‘आणि भाकरीचा घास. पोट रिकामं ठेवायचं नसतं म्हणून.’

‘आणि तुम्ही मले सांगितलं नाही?’

‘त्यात काय सांगायचं? सगळेच ठेवतात.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू यायला लागलं, आणि तिचं पाहून मला. हसता हसता तिने डोळे पुसले आणि सांगू लागली. तिची सासू अबोल, घरात दोघींचं फारसं बोलणं नाही. पण ही गोधडी दिवाणात जाईपर्यंत म्हातारी रात्री एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायची, हा कोणाचा असन? वैशालीला काय माहीत? ती मनानेच सांगायची. हा एका पोलिसाचा सदरा, ही एका आजीची साडी, रोज देवळात जायची. ‘बाकी सगळे तुकडे झाले सांगून,’ ती म्हणाली. ‘मधल्याचं मात्र काही सुचलं नाही. कोणाचा आहे हो हा?’

‘माझ्या आईचा,’ मी म्हटलं. ‘तू बसली आहेस ना, तिथेच बसायची ती.’

वैशाली चटकन उठून बाजूला झाली. ‘मग सुधरवून द्या ना, ताई. पण असं कापड आता कुठं भेटन?’

गोविंदभाऊंनी एव्हाना तपकिरी दोरा काढून फळीवर ठेवला होता. ‘दोरा मी देतो,’ ते म्हणाले. ‘कापडाचं कुंदा पाहीन.’ ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना कसं कळलं, कोण जाणे. सुगंधाबाई लेकीकडे उमरेडला गेल्या होत्या, नाहीतर मी त्यांच्यावर ढकललं असतं.

मी घरी गेले. ट्रंक उघडलेलीच होती. गाठोडं उघडलं, पदर हातात घेतला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा होता, आईचा नव्हता. ती तिथे केव्हाच नव्हती. मी पदर घेऊन दुकानात आले आणि पायरीवर बसले. पाठ आपोआप उजव्या खांबाला टेकली. लाकूड उन्हाने कोमट झालं होतं.

पदराचा चौकोन फाडला, भोकावर ठेवला, तीन बाजू शिवल्या. चौथी राहिली तेव्हा हात थांबला. उंदीर तर उंदीर, पण उपाशी कसं शिवायचं? आणि तिला पुन्हा कसं म्हणायचं? मी काही बोलायच्या आतच वैशालीने पिशवीतून आपला डबा काढला, पोळीचा एक लहान तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला.

‘कोरडीच ठेवा,’ ती म्हणाली. ‘गूळ नको.’

मी तो तुकडा आत सरकवला. शेवटची बाजू शिवली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. उरलेल्या पदराची घडी करून वैशालीच्या पिशवीत टाकली. उंदरांचा काय भरवसा, पुढे लागेल. तिने गोधडी खांद्यावर घेतली आणि ती बसस्टँडकडे निघाली. मी गल्लीच्या वळणापर्यंत पाहत होते. यंदा राग आला नाही.

पाय आखडले होते म्हणून तशीच बसून राहिले, सुई हातात. ऊन पायरीवरून सरकत रस्त्यावर चाललं होतं. तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी स्कूटर लावून आत गेली. तिने नवी साडी फळीवर ठेवली, फॉल घेतला आणि विचारलं, ‘काका, लावून पण भेटते का इथं?’

गोविंदभाऊ रिळं खणात लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘भेटते ना. बाई बसल्या आहेत पायरीवर. त्याईले द्या.’

आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. रीळ हातात धरून ते तसेच उभे राहिले. मुलगी बाहेर आली आणि साडी माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी सुई खांबात टोचली. ती सहज आत गेली, भोक आधीपासूनच होतं. हात पदराला पुसले, साडी मांडीवर घेतली आणि फॉलचा रंग पाहिला.

‘उद्या संध्याकाळी घेऊन जा,’ मी म्हटलं.